न झालेली लीग

माझी ताई खो-खो खेळायची, म्हणून मी खेळावर लिहायला लागलो. पुढे खेळावर लिहिता लिहिता खेळाच्या धंद्यावर लिहायला लागलो, आणि त्या धंद्याने एकदा तिच्या दारात येऊन तिला हाक मारली. त्या हाकेचं काय झालं, ते मला सांगायचं आहे. वर्तमानपत्रात ते मला कधी लिहिता आलं नाही.

आम्ही गुलटेकडीला दोन खोल्यांत राहायचो. वडील मार्केट यार्डात तोलणार होते. मी तिसरीत असताना आई गेली. ताई तेव्हा नववीत. त्यानंतर माझा डबा, माझा अभ्यास, माझं आजारपण हे सगळं तिच्याकडे आलं. ती सरावाला निघाली की मला घरी एकटं ठेवता येत नसे, म्हणून स्वारगेटजवळच्या एका शाळेच्या मैदानावर रोज संध्याकाळी मीही जायचो. खो-खोत आठ जणी मैदानाच्या मधोमध ओळीने बसतात, एकीआड एक उलट्या दिशेला तोंड करून, आणि नववी पाठलाग करते. तिने बसलेल्या एखादीला मागून 'खो' दिला की ती उठून पळायला लागते. पळणारीला कुठून कोण उठेल याचा नेम नसतो. त्यामुळे बाकीच्या मुली पळताना सारख्या मागे वळून बघायच्या. ताई वळायची नाही.

"मागं बघितलं की पाय चुकतो," ती म्हणायची. "मागचं कानांनी ऐकायचं."

उंच, सडपातळ, गुडघ्यांवर कायमची मातीची खूण. ती पळायला उतरली की मैदानाच्या भिंतीवर बसलेली टवाळ मुलंसुद्धा गप्प व्हायची.

खेळाच्या जोरावर तिला नोकरी मिळाली. हडपसरच्या पुढे टीव्हीचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना होता. तिथल्या जुळणी विभागात बहुतेक बायकाच, आणि त्यांच्यातूनच कंपनीचा खो-खोचा संघ उभा केलेला. सरावासाठी त्यांना पाळी संपायच्या आधी सोडत. बाहेरगावी स्पर्धा असली की भरपगारी रजा. ताईच्या त्या नोकरीवर माझं कॉलेज झालं, आणि पत्रकारितेचा अभ्यासक्रमही. तिला बघायला एकदा एक स्थळ आलं होतं. मुलाने विचारलं, "लग्नानंतर खेळ सोडाल ना?" ताई म्हणाली, "तुम्ही काय सोडणार आहात?" ते लोक पोहे संपवून गेले. त्यानंतर वडिलांनीही विषय काढला नाही.

मी एका मराठी दैनिकाच्या क्रीडा पानावर लागलो. एजन्सीच्या इंग्रजी बातम्या मराठीत करायच्या, शहरातल्या स्पर्धांचे निकाल लावायचे. नव्वद सालानंतर वारं बदललं तसं एक दिवस संपादकांनी मला आत बोलावलं.

"निकाल लोकांना टीव्हीवर आदल्या दिवशीच कळतो," ते म्हणाले. "तू असं कर, हा खेळ कोण चालवतं ते लिही. शर्टावर कुणाचं नाव, मैदानाच्या कडेला कुणाचा फलक, प्रक्षेपणाचे हक्क कुणाकडे. पुण्यात असं लिहिणारं कुणी नाही."

मी हवेतच घरी आलो. ताई भाकऱ्या थापत होती. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे आता तू मैदानात जायचं सोडणार."

"उलट आता मोठ्या मैदानात जाणार."

"मैदानाच्या कडेला फलक असतात तिथवर जाशील," ती म्हणाली. "आत नाही." मग माझा चेहरा बघून हसली आणि गरम भाकरी माझ्या ताटात टाकली. "चांगलं झालं रे. लिही. कुणीतरी लिहायला हवंच."

त्याच सुमारास तिच्या कारखान्याचं बिनसलं. बाहेरच्या देशांतले टीव्ही लक्ष्मी रोडवरच्या दुकानांच्या काचांमागे दिसायला लागले होते. कारखान्यात परदेशी भागीदार आला. त्याने आधी काय बंद केलं असेल तर क्रीडा विभाग. संघातल्या बायकांनी ताईला पुढे करून व्यवस्थापकांची भेट घेतली. ते तसे सभ्य होते, त्यांनी सगळ्यांना खुर्च्या दिल्या. मग विचारलं, "तुमच्या खेळामुळे आपला किती माल जास्त खपतो, सांगू शकाल?"

ताई म्हणाली, "साहेब, हे आम्हाला कामावर घेताना विचारायचं होतं."

पुढच्या पावसाळ्याच्या आत जुळणी विभागही बंद झाला आणि सगळ्या बायकांना स्वेच्छानिवृत्ती मिळाली. "कुणाची स्वेच्छा, ते लिहायला फॉर्मवर जागा नव्हती," ताई घरी येऊन म्हणाली. त्या वर्षी शहरातल्या अनेक कंपन्यांनी आपापले संघ मोडले. हॉकीचे, कबड्डीचे, बास्केटबॉलचे. त्यावर मी एक लेखमाला लिहिली. ती गाजली. माझं नाव झालं. ताईने सगळे भाग वाचले, पण एका शब्दानेही त्यावर बोलली नाही. फक्त एकदा म्हणाली, "फोटो चांगला आलाय त्या कबड्डीवाल्याचा."

तिने एका खासगी शाळेत कंत्राटी क्रीडा शिक्षिकेचं काम धरलं आणि संध्याकाळी स्वारगेटच्या त्याच मैदानावर मुलींना शिकवायला लागली. वडील गेले. माझं लग्न झालं, मी बिबवेवाडीला फ्लॅट घेतला. ताईला म्हटलं, चल आमच्याकडे. ती गुलटेकडीतच राहिली. मैदान जवळ पडतं म्हणाली.

माझे दिवस मात्र पंचतारांकित हॉटेलांत जायला लागले. करंडकांची अनावरणं, प्रायोजकांच्या पत्रकार परिषदा, गुळगुळीत कागदावरची निवेदनं. खेळाडू कोपऱ्यात उभे असत आणि मार्केटिंगवाले मधोमध. मी प्रत्येक ठिकाणी शेवटचा प्रश्न एकच विचारायचो, "खो-खोचं काय?" माझ्याबरोबरचे वार्ताहर मला चिडवायचे. एका क्रीडावाहिनीचा मोठा अधिकारी होता, त्याने मात्र तो प्रश्न गंभीरपणे घेतला.

"बघा," तो म्हणाला, "तुमच्या खेळात आठ खेळाडू खाली बसलेले असतात. त्यातले चार कॅमेऱ्याला पाठ करून. पाठ कशी विकायची?"

मी हे ताईला सांगितलं. ती शेंगा निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पाठीवर जाहिरात छाप म्हणावं. पाठ चांगली ऐसपैस असते. आणि आमच्या खेळात ती हलतही नाही."

मी हसलो. ती नाही हसली. तिने त्याचा खरोखरच विचार केला होता.

मग क्रिकेटची लीग आली आणि जो तो आपापल्या खेळाची लीग काढायला निघाला. त्या दिवसांत मी हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीच्या मालकांची मुलाखत घ्यायला गेलो. गृहस्थ मूळचे विदर्भातले, पुण्यात शिकायला आले आणि इथेच मोठे झाले. त्यांनी एका धावण्याच्या शर्यतीला पैसे दिले होते, म्हणून माझा फेरा. मुलाखत संपली तशी मी सवयीने विचारलं, "आणि खो-खोचं काय?"

ते एकदम खुर्चीत पुढे सरकले. "अहो, मी शाळेत तेच खेळलो. आमच्या गावात दुसरं होतंच काय! ना बॅट, ना बॉल. दोन खांब नि चुना, झालं." आणि मग खूप वेळ ते गावाबद्दल बोलत राहिले. निघताना म्हणाले, "मुलींची लीग काढली तर? खो-खोची? कुणी जाणकार आहे का तुमच्या माहितीत?"

मी म्हटलं, "माझी बहीण आहे."

ते स्वतः मैदानावर आले. ऑफिसचे चकचकीत बूट कडेला काढून ठेवले, पँट वर दुमडली आणि मुलींच्या ओळीत जाऊन बसले. ताईने मुद्दाम त्यांनाच खो दिला. त्यांना पटकन उठताच येईना. मुली हसून लोळायला लागल्या, ते स्वतःही हसत होते. ताईला ते तिथेच आवडले असावेत. मलाही आवडले. आजही मी त्यांना वाईट म्हणू शकत नाही.

लीग मॅटवर होणार होती, मातीवर नाही. ताईला ते आधी पटेना. मग तिने मॅटवर सूर मारून बघितला आणि म्हणाली, "मुलींचे गुडघे वाचतील. चालेल." खेळाडूंच्या पाठीवर जाहिरात छापायची तिची कल्पना त्यांनी जशीच्या तशी उचलली, आणि वाहिनीलाही ती पटली. पुण्याच्या संघाची मुख्य प्रशिक्षक म्हणून ताईचं नाव ठरलं. शाळा तिला इतकी मोठी रजा द्यायला तयार नव्हती, तेव्हा तिने राजीनामा दिला.

मी म्हटलं, "ताई, थोडं थांब. पहिला सामना तरी होऊ दे."

"शिबिर त्याच्या आधी असतं," ती म्हणाली. "पहिला सामना झाल्यावर शिकवू का मुलींना?" मग म्हणाली, "खो-खोच्या लीगला कुणी खो घालू नये म्हणजे झालं."

ताई गुंतली म्हटल्यावर मी संपादकांना सांगून त्या बातम्यांतून अंग काढून घेतलं. ते काम एका सहकाऱ्याकडे गेलं.

शिबिर कात्रजला, डेअरीच्या पुढे एका कॉलेजच्या मैदानावर भरलं. निरनिराळ्या जिल्ह्यांतून मुली आल्या. कर्णधार म्हणून ताईने जिला निवडलं ती तिच्याच मैदानावर तयार झालेली, भवानी पेठेतली मुलगी. तिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पत्र्याच्या ट्रंका बनवायचं काम. ती स्वतः एका कॉल सेंटरमध्ये होती, घरात पहिल्यांदाच कुणाला बसल्या जागेचा पगार येत होता. ती नोकरी सोडायची म्हणजे वडिलांचा होकार हवा. ताई त्यांच्याकडे गेली तेव्हा मीही बरोबर होतो. दुकानाच्या मागच्या खोलीत बसलो. वडिलांनी हातातली हातोडी खाली ठेवून शांतपणे विचारलं, "बाई, पोरगी टीव्हीवर दिसेल म्हणता. ठीक आहे. पण टीव्ही बंद झाल्यावर तिचं काय होईल?"

ताई म्हणाली, "फार तर माझ्यासारखी होईल."

त्यांनी ताईकडे नीट बघितलं. "मग काही हरकत नाही," ते म्हणाले. "घेऊन जा."

ते शिबिराचे आठवडे म्हणजे ताईला मी सगळ्यात आनंदात बघितलेले दिवस. तिला संघाचा ट्रॅकसूट मिळाला होता, पाठीवर 'मुख्य प्रशिक्षक' असं लिहिलेला. तो घालून ती भाजी आणायला जायची. एका रविवारी आमच्याकडे जेवायला आली तेव्हाही तोच. बायको म्हणाली, "ताई, छान दिसतोय." ताईने लाजून विषय बदलला, पण जेवताना सारखी खांद्यावरची शिवण नीट करत होती. जेवल्यावर मीठदाणी, चमचे आणि लिंबाच्या फोडी मांडून तिने आम्हाला पहिल्या सामन्यात कुठली मुलगी कुठे बसवणार ते समजावलं. टेबलावर सांडलेलं मीठ म्हणजे मैदानाची रेघ. बायको बिचारी टेबल आवरायची थांबली होती.

अमेरिकेतल्या मंदीची बातमी आमच्याच पेपरात पहिल्या पानावर येत होती. मी ती वाचत होतो आणि आमचं काही त्यात आहे असं मला वाटलं नव्हतं. स्पर्धेचं वेळापत्रक जाहीर झालं होतं. मग एका सकाळी त्या गृहस्थांचा फोन आला. "जरा भेटायला येता का? बातमीसाठी नाही."

त्यांच्या ऑफिसात गेलो. एरवी गजबजलेल्या मजल्यावर निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. त्यांची दाढी वाढलेली. त्यांच्या कंपनीची सगळी कामं अमेरिकेतल्या दोन बँकांची, आणि दोन्ही बँकांनी हात वर केले होते. "पोरांना घरी पाठवून राहिलो मी," ते म्हणाले. ते चिडले किंवा खचले की त्यांच्या बोलण्यात गाव डोकावायचं. "लीग नाही होणार. वाहिनीला कालच कळवलं. तुमच्या ताईंना तुम्ही सांगाल का? त्यांच्यासमोर उभं राहायची माझ्यात हिंमत नाही."

मी म्हटलं, "नाही. ते तुम्हीच सांगा. त्या तुमच्या शब्दावर नोकरी सोडून उभ्या राहिल्यात."

ते मान खाली घालून बसले. मग म्हणाले, "बरोबर आहे. चला."

त्यांच्या गाडीतून आम्ही कात्रजला निघालो. स्वारगेटच्या चौकात गाडी खूप वेळ अडकली. ड्रायव्हरने रेडिओ लावला, त्यांनी हाताने खूण करून बंद करायला लावला. 

मैदानावर सरावाचा सामना चालू होता. ताई शिट्टी गळ्यात अडकवून कडेने चालत होती. तिने आधी गाडी बघितली, मग त्यांना उतरताना बघितलं, मग मला. त्यांच्याबरोबर मी एकाच गाडीतून कधी आलो नव्हतो. मला वाटतं तिला तिथेच कळलं. ती आमच्याकडे आली. ते बोलायला लागले, "ताई, मी..." तोच ती म्हणाली, "अहो, एवढ्या उन्हाचे आलात. आधी चहा घ्या."

"नाही, मला सांगायचंय की..."

"डाव संपू द्या," ताई म्हणाली. "मध्येच नको. मुलींचं लक्ष जाईल."

आणि ती परत गेली.

आम्ही पायऱ्यांवर बसून तो सामना बघितला. मी खेळाच्या निमित्ताने देशभर हिंडलो, मोठमोठी मैदानं बघितली, पण इतका सुंदर खेळ माझ्या नजरेला पुन्हा पडला नाही. मुलींना काहीच ठाऊक नव्हतं. कर्णधार पळत होती. तिची मान सरळ, मागे न बघता कानांनी ऐकत, बसलेल्या मुलींमधून ती अशी निसटत होती की प्रत्येक वेळी वाटावं, आता गेली, आता गेली. ती काही केल्या बाद होईना. पाठलाग करणाऱ्या मुली दमून हसायला लागल्या. माझ्या शेजारी ते गृहस्थ रडत होते. शर्टाच्या बाहीने डोळे पुसत होते, पण मैदानावरची नजर काढत नव्हते.

ताईने शेवटची शिट्टी वाजवली, मुलींना गोल बसवलं आणि त्या गृहस्थांना जवळ बोलावलं. ते उभे राहिले, पण त्यांना बोलता येईना. मग ताईच म्हणाली, "मुलींनो, साहेबांच्या धंद्यात मोठी अडचण आली आहे. आपली लीग होणार नाही."

कर्णधाराने विचारलं, "बाई, किती पुढे गेली?"

"पुढे गेली नाही," ताई म्हणाली. "होणार नाही."

"पण वेळापत्रक लागलंय ना, बाई."

ताईने मान हलवली. त्या गृहस्थांचा हुंदका बाहेर पडला तशी ती वळून हळूच म्हणाली, "रडू नका. मुली बघताहेत."

मग मुलींनी मॅट गुंडाळली. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. रोज सराव संपल्यावर गुंडाळायची, म्हणून गुंडाळली.

ताईच्या शाळेने तिच्या जागी दुसरी शिक्षिका घेतली होती. कर्णधाराला कॉल सेंटरने परत घेतलं नाही, तिथेही मंदीच होती. पुढे वर्षभरात तिचं लग्न झालं आणि ती कोंढव्याला गेली. ताई तिच्या वडिलांना भेटायला गेली होती. काय बोलली ते मला तिने सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, "त्यांनी मला चहा पाजला रे. एक अक्षर बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं."

मला वाटलं होतं, ती पुन्हा स्वारगेटच्या मैदानावर जाईल. ती गेली नाही. मुली घरी बोलवायला यायच्या. ती सांगायची, गुडघा दुखतोय. मग मुली यायच्या बंद झाल्या. तिने एका जिममध्ये लोकांची नावं लिहून घ्यायचं काम धरलं. संध्याकाळी घरी येऊन दार लावून घ्यायची. मी गेलो की चहा करायची, मुलांची चौकशी करायची, पेपरातल्या माझ्या मराठीच्या चुका काढायची. सगळं पूर्वीसारखंच, फक्त खेळाचं एक अक्षर नाही. एकदा मी न राहवून म्हणालो, "ताई, एकदा तरी मैदानावर चल."

"तू जा की," ती म्हणाली. "फलकांपर्यंत." आणि लगेच माझा हात धरून म्हणाली, "चुकून बोलले. मनावर घेऊ नकोस."

मी मनावर घेतलं नव्हतं. मला फक्त ती इतकं कडू कधी बोलली नव्हती याचं वाईट वाटलं.

बऱ्याच वर्षांनी तिला पोटाचा कॅन्सर निघाला. निघाला तेव्हाच पसरलेला होता. ती आमच्याकडे राहायला आली, आणि शेवटी शेवटी हॉस्पिटलात. त्याच दिवसांत खो-खोची एक नवी लीग जाहीर झाली. मोठ्या पैशांची, पुरुषांची. अनावरणाला मला जावं लागलं. मोठ्या पडद्यावर त्यांनी एक फिल्म दाखवली, पुण्याच्या मातीत जन्मलेला खेळ वगैरे. शिबिरातल्या त्या मुलींपैकी कुणाचं नाव नव्हतं, आणि असायचं काही कारणही नव्हतं. न झालेल्या गोष्टीची आठवण कोण ठेवणार? खेळाडूंच्या पाठीवर ठळक जाहिरात होती. या वेळी मी प्रश्न विचारला नाही.

तिथून सरळ हॉस्पिटलात गेलो. ताई जागी होती. पलंगाशेजारच्या स्टुलावर कर्णधार बसली होती. ती कोंढव्याहून एक दिवसाआड यायची. मी लीगचं काही सांगणार नव्हतो, पण पेपर वाचून ताईला माहीत होतं.

"आले का तुझे प्रायोजक सगळे?" तिने विचारलं.

"आले."

"मॅटवरच ना?"

"मॅटवरच."

ती डोळे मिटून पडली. झोप लागली असं वाटलं. मग डोळे न उघडता म्हणाली, "आपला पहिला सामना साताऱ्याशी होता."

मला आधी कळलंच नाही. कर्णधाराला कळलं. ती म्हणाली, "हो, बाई."

"जिंकलो असतो, ताई," मी म्हणालो.

"तू गप्प बस. तुला काय कळतं?" तिचा आवाज फार बारीक झाला होता. "साताऱ्याच्या मुली उंच होत्या. खांबावर आपण मार खाल्ला असता. पहिला आपण हरलो असतो." मग तिने मान कर्णधाराकडे वळवली. "पण दुसरा जिंकलो असतो. नाही का गं?"

कर्णधाराने तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "जिंकलो असतो, बाई. दुसरा नक्की."

"तिसऱ्याचं मला सांगता येत नाही," ताई म्हणाली.

इतकी वर्षं जिमच्या टेबलामागे बसून, घराचं दार लावून घेऊन, ती तीच लीग मनात खेळत होती. एकटीच. आणि तिथेही तिने स्वतःला फुकटचा पहिला विजय दिला नव्हता. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. आत परत जायला मला खूप वेळ लागला.

ती त्याच आठवड्यात, दुपारच्या वेळी गेली. स्मशानात मुली आल्या होत्या. मुली म्हणायचं, पण आता सगळ्या पोक्त बायका. कारखान्याच्या संघातल्या काही जणीही होत्या, पांढऱ्या केसांच्या. शववाहिनीतून तिरडी उतरवून उचलायची वेळ आली तेव्हा कर्णधार पुढे झाली. आमचे एक चुलते म्हणाले, "बायकांनी खांदा द्यायची आपल्यात पद्धत नाही." ती म्हणाली, "काका, जरा बाजूला व्हा," आणि खांद्यावर ओढणी नीट करून तिने दांडी धरली. मी पुढे होतो. माझ्या मागे कर्णधार आणि बाकीच्या मुली होत्या. त्या गृहस्थांनाही कुणीतरी कळवलं असावं. ते लांब, फाटकाजवळ उभे होते. जवळ आले नाहीत. आम्ही एकमेकांना बघितलं, बस.

दिवसकार्य झालं तसा मी कामावर गेलो. त्या दिवशी नव्या लीगच्या प्रक्षेपण हक्कांची बातमी होती. कोणता संघ कुणी घेतला, वाहिनी कुठली, प्रायोजक कोण. अशी बातमी मी झोपेतही लिहू शकलो असतो. दोन परिच्छेद लिहिले. तिसऱ्यात 'खो-खो' हा शब्द टाईप केला आणि पुढे काही सुचेना. मी पडद्याकडे बघत बसून राहिलो. शेजारच्या टेबलावरची नवी वार्ताहर मुलगी थोड्या वेळाने उठून आली. तिने विचारलं नाही काही. माझी खुर्ची हळूच बाजूला सरकवली, उभ्याउभ्याच कीबोर्ड ओढला आणि निवेदन बघून राहिलेली बातमी पूर्ण करून टाकली.